तांब्याच्या डबीतली शिट्टी

गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी डब्या असतात, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. लोक त्याच्या हाताकडे बघतात. तो पायाने काहीतरी दाबतो, आवाज पालटतो, आणि टाळ्या हाताला मिळतात. त्या डब्यांना पेडल म्हणतात. त्यातलं डिले नावाचं पेडल मी कसबा पेठेतल्या माझ्या दुकानात हाताने बनवत होतो. दुकान म्हणजे दोन माणसं आत आली की तिसऱ्याने पायरीवर बसायचं. शिक्षण विचाराल तर दहावी, तीही दुसऱ्या फटक्यात. आधी वर्षानुवर्षं टेपरेकॉर्डर आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त केले. टेप गेले, अॅम्प्लिफायर लोक फेकून नवे घ्यायला लागले. मग गिटारवाल्यांनी मला धरून ठेवलं. ते मला चाचा म्हणतात.

डिले म्हणजे काय, ते सांगतो. स्लॅब टाकताना पाहिलाय ना? खालपासून वरपर्यंत माणसांची रांग असते आणि घमेलं या हातातून त्या हातात जातं. आमच्या आयसीत, म्हणजे डबीतल्या चिपमध्ये, तेच चालतं. गिटारचा सूर एका टोकाला घमेल्यात पडतो आणि हजारो हातांतून सरकत दुसऱ्या टोकाला जरा उशिरा पोहोचतो. तोवर मूळ सूर थेट वाटेने पुढे गेलेला असतो, म्हणून एकच सूर दोनदा ऐकू येतो. पोहोचलेलं घमेलं पुन्हा पहिल्या हातात दिलं की तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, विरत विरत. या रांगेला एक मुकादम लागतो. त्याने 'हं' म्हटलं की सगळ्यांनी घमेलं पुढे द्यायचं. तो भरभर ओरडला तर सूर लवकर पोहोचतो, सावकाश ओरडला तर उशिरा. डबीवर 'टाइम' लिहिलेला नॉब असतो, त्याने मुकादमाचा वेग बदलतो.

आता गोम अशी की, मुकादम भरभर ओरडतो तेव्हा त्याचा आवाज माणसाच्या कानाच्या पलीकडे असतो. तो सावकाश झाला की पट्टी खाली येते आणि गिटारच्या मागे एक बारीक शिट्टी लागते. ती अडवायला बाहेरच्या वाटेवर गाळणी बसवावी लागते. गाळणी फार बारीक केली तर शिट्टी अडते, पण सूरही घोंगडीखालून आल्यासारखा येतो. मोठी ठेवली तर सूर लख्ख, पण शिट्टी सोबत. गाळणी नेमकी किती ठेवायची, यात सगळी कारागिरी. बाकीचे लोक ती सीआरओवर, म्हणजे आवाजाची रेघ दाखवणाऱ्या यंत्रावर बघून ठरवतात. माझ्याकडेही सीआरओ होता. त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरावर चहाचे कप असायचे. मी गाळणी कानाने लावायचो, आणि मला त्याचा माज होता. अभिमान वगैरे म्हणत नाही, माजच.

डबी तांब्याची. शेजारी तांबटआळी, तिथल्या एका कारागिराकडून मी ठोकून घ्यायचो. तांब्याच्या डबीत बाहेरची गुणगुण शिरत नाही, आणि दिसायला अशी की गिटारवाला ती पायाखाली घ्यायला बिचकतो. एकाने तर पहिल्या दिवशी हळदकुंकू वाहिलं होतं. मी म्हटलं, बाबा रे, वाजव आधी, पूजा नंतर. एकदा धायरीचं एक भजनी मंडळ आलं. म्हणाले, दहाच टाळकरी आहेत, पण चाळीस वाटले पाहिजेत. मी माइकसाठी तशी डबी करून दिली. पहिल्याच कार्यक्रमात अध्यक्षांनी अभंगाआधी खाकरून घसा साफ केला आणि ते खाकरणं सबंध सभामंडपात सात वेळा फिरलं. अध्यक्ष तणतणत आले. मी सांगितलं, यंत्र चोख आहे, जे द्याल ते परत करतं. माझ्या दुकानात पाटीच होती, 'आवाजाबद्दल वाद घालू नये.' लोक तिचा फोटो काढायचे, हसायचे, आणि वाद घालायचे नाहीत. पुण्यात कुजकं बोलणारा म्हातारा लोकांना आवडतो. त्याने माणूस शेफारतो, हे मला उशिरा कळलं.

मिलिंद धायरीचाच. चाळिशीचा, अंगाने बारीक, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारा. भीमगीतांच्या एका ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा. एप्रिलमध्ये त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची, एरवी लग्नं, वर्धापनदिन, कधी एखादं रेकॉर्डिंग. घर त्यावरच. कार्यक्रम सुरू होताना दिवे मंद करून एकट्या गिटारवर वंदनेची धून वाजवायची, ती त्याची खास जागा. तिथे सूर लांब मागे रेंगाळावा म्हणून त्याने माझ्याकडून डिले करून घेतला. घेताना डबी दोन्ही हातांत धरली होती, हे मला आठवतं.

तीनेक आठवड्यांनी तो परत आला. शनिवार होता. शनिवारी गिटारवाल्यांचा माझ्याकडे अड्डा असायचा. त्या दिवशी चौघे होते, त्यांत वारज्याची ऋतुजा. ही इंजिनिअर, कुठल्याशा कंपनीत सर्किटं तपासायची, आणि गिटार उत्तम वाजवायची. तिला मी मुलीसारखी मानायचो.

मिलिंद पायरीवरूनच म्हणाला, "चाचा, टाइम पूर्ण फिरवला की शिट्टी येते. रेकॉर्डिंगवाल्याने माझा तुकडा काढून टाकला."

"येणारच नाही."

"येते चाचा. एकदा लावून बघा ना."

मी लावली. नॉब टोकापर्यंत फिरवला आणि स्पीकरपाशी कान नेला. सूर आला, मागून त्याची सावली आली, विरली. मग शांतता. मला खरोखर शांतताच ऐकू आली, हे शपथेवर सांगतो.

मी चौघांकडे वळलो. "काय हो, तुम्हाला येतेय का शिट्टी?"

एकाने मोबाइल काढला. एक जण भिंतीवरची पाटी वाचायला लागला, जशी काही पहिल्यांदाच बघतोय. ऋतुजा म्हणाली, "नाही चाचा." मग बाकीचेही म्हणाले, नाही.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चार माणसं बसलेली, आणि माझ्या जिभेला चार माणसं दिसली की चेव यायचा. मी म्हटलं, "मिलिंदराव, पेडलला काही झालेलं नाही. वर्षानुवर्षं डीजेच्या भिंतीपुढे उभे राहता, कान गेलेत तुमचे. आधी ते धुवून आणा, मग माझी डबी उघडू." एक जण फिस्सकन हसला. मिलिंद माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने डबी पिशवीत घातली, "बरं चाचा" म्हणाला आणि पायरी उतरला.

या धंद्यातली माणसं मोजकी. गोष्ट आठवड्यात पसरली. त्याचं नाव 'शिट्टी' पडलं. हेही एक वेळ सोडा. पुढे महिन्याभराने त्याच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांचा मला फोन आला. म्हणाले, "चाचा, मिलिंदचे कान गेलेत म्हणतात, खरं का? सीझन तोंडावर आलाय. गिटार बेसूर लागली तर स्टेजवर तमाशा होईल." मी आढेवेढे घेतले असं दाखवलं. म्हटलं, "आता मी काय सांगू? पण नसलेली शिट्टी ज्याला ऐकू येते, त्याला असलेला सूर कळेलच असं नाही." वाक्य जमलं म्हणून मी खूश झालो होतो. त्यांनी दुसरा गिटारवाला घेतला.

मिलिंद पुन्हा दुकानात आला नाही. मलाही त्याची आठवण आली नाही. खोटं कशाला सांगू?

दोन वर्षांनी एक गिटार शिकवणारे गृहस्थ माझंच जुनं पेडल घेऊन आले. पायाने दाबायचं बटण सैल झालं होतं. किरकोळ काम. मी चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं, तर आत, गाळणीच्या जागी, खालच्या अंगाने एक निळा कंडेन्सर लावलेला. मी निळा कधी वापरत नाही, माझे सगळे तपकिरी. पण सोल्डर सुबक, माझ्यापेक्षा सुबक. परक्याने आपल्या घरात शिरून भांडी घासून ठेवावीत तसं वाटलं. आधी रागच आला.

"हे कोणी केलं?"

गृहस्थ गडबडले. "कुठे काय? असंच होतं."

मग मी नाना बहाणे करून लोकांकडून पेडल परत मागवली. सर्व्हिसिंग करतो, फुकट करतो म्हणालो. चाचा आणि फुकट! लोकांना तिथेच संशय यायला हवा होता. सहा आली. सहाच्या सहांत निळा कंडेन्सर, त्याच जागी.

मी ऋतुजाला फोन केला, कारण सगळ्यांची सगळी खबर तिला असते. "कोण तो, माझ्या डब्या उघडणारा?" ती म्हणाली, "चाचा, मी दुकानात येते."

आली, स्टुलावर बसली आणि बॅग मांडीवरून खाली ठेवेना. म्हणाली, "मीच केलंय. सगळ्यांची गाळणी बारीक केलीय. लोक तुमच्याकडून पेडल घेतात आणि सरळ वारज्याला माझ्या घरी आणतात."

"का?"

"शिट्टी येते, चाचा. आधी नव्हती येत. गेल्या चार-पाच वर्षांतल्या सगळ्यांना येते."

मी म्हटलं, "मला नाही येत ऐकू."

"हो ना," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

तिने उठून सीआरओवरचे कप खाली ठेवले, कव्हर काढलं आणि माझी ताजी डबी त्याला जोडली. टाइम टोकाला नेला. गिटार कोणी वाजवत नव्हतं, तरी पडद्यावर दाट, नीटस नागमोडी रेघ उभी राहिली. मी स्पीकरला कान लावला. काही नाही. पुन्हा रेघेकडे बघितलं. ती होती. माझ्याच हातची शिट्टी मी डोळ्यांनी बघत होतो आणि कानाला तिचा पत्ता नव्हता.

काय झालं होतं ते मग माझं मलाच उलगडलं. वयाने आधी वरच्या पट्टीचं ऐकू येईनासं होतं, आणि ते जाताना दार वाजवून जात नाही. मला माझी पेडल मंद वाटायला लागली होती, सूर घोंगडीखाली गेल्यासारखे. कान मंद झालाय हे कसं सुचणार? मी गाळणी मोठी केली. पुढच्या वर्षी आणखी मोठी. सूर लख्ख व्हावा म्हणून मी दार उघडत गेलो आणि शिट्टीला मोकळी वाट दिली. तांबटआळीतली कबुतरं सवयीने ठोक्यांनी उडत नाहीत म्हणतात. माझं तेच झालं होतं.

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. कागदावरची रेघ बरीच पुढपर्यंत सपाट आणि मग जिना कोसळावा तशी खाली. कानाचं मशीन बोलणं ऐकण्यापुरतं लावता येईल म्हणाले, या कामासाठी त्याचा भरवसा धरू नका. घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मोबाइलचा अलार्म वाजून वाजून दमतो आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचता. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करता." तिचा हात थांबला नाही, पण त्या दिवशी मी न मागता तिने दुसऱ्यांदा चहा दिला.

ऋतुजाला मी एकच गोष्ट विचारली. "त्या शनिवारी मिलिंद आला होता, तेव्हा तुला शिट्टी ऐकू आली होती?"

"आली होती."

"आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांनाच. चाचा, तुम्हाला तुमच्याच दुकानात कसं सांगणार? आम्हाला वाटलं, गुपचूप दुरुस्त करून टाकू. तुमचं नाव राहील."

माझं नाव राहिलं. ते राखायला माझा माज होता, त्यांचा आदर होता, आणि किंमत तिसऱ्याच माणसाने दिली. मला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही, कारण तिला दुसरा रस्ता मी ठेवलाच नव्हता. खरं बोलणाऱ्याचं मी काय करतो, ते तिने त्याच शनिवारी पाहिलं होतं.

मी एक नवी डबी घेतली, या वेळी सीआरओवर बघून गाळणी लावली, ऋतुजाला ऐकवली, आणि धायरीला गेलो. मिलिंदचा पत्ता शोधायला दोन फेऱ्या पडल्या. तो आता रंगाच्या दुकानात कामाला होता. रंगाचा डबा हलवायच्या यंत्रात घालत होता. मला पाहून त्याने स्टूल पुसून दिलं.

"चाचा, तुम्ही इकडे?"

बसमध्ये मी पुष्कळ जुळवाजुळव केली होती. तोंडातून एवढंच आलं, "शिट्टी येत होती, मिलिंद."

"हो."

"माझे कान गेलेत."

"माहितेय मला," तो म्हणाला. यंत्र धडधडत होतं, ते त्याने बंद केलं. "तेव्हाच कळलं होतं. तुम्ही स्पीकरला कान लावून वाकला होतात. शिट्टी अशी होती की माझे दात शिवशिवत होते, आणि तुमची पापणीसुद्धा हलली नाही."

"मग बोलला का नाहीस? मी एवढं वाट्टेल ते बोललो."

त्याने यंत्रातून डबा काढला, झाकणावर सांडलेला रंग बोटाने पुसला. "वयस्कर माणूस, स्वतःच्या दुकानात बसलेला. चार माणसांत तुम्हाला बहिरा म्हणायचं? नाही जमलं."

मला तोंड वर करवेना. जे त्याला माहीत होतं आणि खरं होतं, ते त्याने माझी लाज राखायला गिळलं. आणि मी, न तपासता, तेच त्याच्या तोंडावर मारलं होतं. वर फोनवरही.

फोनचं मी त्याला सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं. गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने दोन ब्रश दिले, सुटे परत केले. मग म्हणाला, "मला वाटायचं, नावावरून हसतात म्हणून काढलं असेल."

मी पिशवीतून नवी डबी काढली. त्याने हात लावला नाही. "गिटार विकून दोन एप्रिल झाले, चाचा. आता हिच्यात काय ठेवू, सुपारी?"

"मी ऑर्केस्ट्राच्या मालकांना फोन करतो. आजच. सांगतो, चूक माझी."

"त्यांचा गिटारवाला चांगला वाजवतो. मी ऐकलंय. त्याच्या पोटावर कशाला पाय?"

"मग मी काय करू, सांग. माफी मागतो तुझी."

"इथे?" त्याने आजूबाजूला पाहिलं. "इथे ऐकायला कोण आहे? मी आणि रंगाचे डबे. तुम्ही जे बोललात ते चार माणसांत बोललात, चाचा. पुढे ते किती जणांत गेलं, तुम्हालाच माहीत."

एवढं बोलून त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं. मी मग डबी पिशवीत घालून निघालो. त्यानंतर मी पेडल बनवलेलं नाही.

त्या शनिवारी जे चौघे होते त्यांना मी भेटून सांगितलं. ऑर्केस्ट्राच्या मालकांनाही सांगितलं, कोणाला काढा-ठेवा न म्हणता. पण ते पाच जण झाले. 'शिट्टी' हे नाव ज्यांनी ज्यांनी घेतलं त्या सगळ्यांपर्यंत मी पायी पोहोचू शकत नाही. दिवाळी अंक पोहोचतो, असं म्हणतात. धायरीच्या मिलिंदने माझ्या दुकानात येऊन सांगितलं, ते खरं होतं. पेडलमध्ये शिट्टी होती आणि ती मीच ठेवली होती. त्याचे कान शाबूत होते आणि आजही आहेत. गेले होते ते माझे. मी ते त्याच्या नावावर खपवले.